पुण्यातल्या विद्यापीठांच्या विद्या परिषदांना खुलं पत्र : आरोग्याची माहिती पारखायला शिकवा

प्रति,
पुण्यातील सर्व विद्यापीठांच्या विद्या परिषदांचे सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मागणी सुरुवातीलाच सांगते, म्हणजे कामाच्या धबडग्यात पुढचं वाचायचं राहून गेलं तरी ती आपल्यापर्यंत पोहोचलेली असेल. कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी, शाखा कुठलीही असो, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी दोन क्रेडिटचा एक अभ्यासक्रम सक्तीचा करा. आरोग्याबद्दलची माहिती इंटरनेटवर शोधायची कशी, पारखायची कशी आणि वापरायची कशी, एवढाच त्याचा विषय. तो मराठीत शिकता यावा. आणि पुढची साथ येण्याआधी तो सुरू झालेला असावा.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. डॉक्टर नाही. पण ही माहिती कोणी लिहिली, कधी लिहिली, कशाच्या आधारावर लिहिली, हे विचारणं माझं रोजचं काम आहे. टाळेबंदीत ग्रंथालयाला कुलूप होतं, फोन मात्र चालू होता. विद्यार्थी पुस्तकासाठी फोन करत नसत. एखादा फॉरवर्ड पाठवायचे आणि विचारायचे, "मॅडम, हे खरं आहे का?"

प्रश्न मुलांचा असला तरी त्यामागे घर उभं असायचं. मार्च २०२० मध्ये पेठांमधल्या कॉट बेसिसच्या खोल्या रिकाम्या झाल्या, मेस बंद पडल्या, अभ्यासिका ओस पडल्या आणि मुलं गावी गेली. बीड, लातूर, नांदेड, सोलापूर, नगर. तिथे गेल्याबरोबर त्यांच्यावर एक काम येऊन पडलं, जे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. "तू पुण्यात शिकतोस, नेटवर बघून सांग." आजीला बीपीच्या गोळ्या चालू आहेत, लस घ्यावी का? मामाच्या रिपोर्टमध्ये हे काय लिहिलंय? शेजारच्या काकू म्हणतात रोज तीनदा वाफ घ्या, घ्यावी का? बीए दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, आमच्या वस्तीत मीच एमबीबीएस झालोय." त्याच्या आवाजात गंमत नव्हती, घाबरलेपण होतं. आपण सांगितलेलं चुकलं आणि कुणाचं काही झालं तर?

सदस्यहो, हे ओझं या मुलांनी मागून घेतलं नव्हतं. आणि पुढच्या वेळी ते पुन्हा त्यांच्याच डोक्यावर येणार आहे. आपल्या विद्यापीठांत शिकणारा एकेक विद्यार्थी म्हणजे एकेक घर, कधी अख्खी वस्ती. हा विषय मी आपल्यासमोर आणते आहे त्याचं मूळ कारण हेच आहे.

पुण्यात कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी सापडले. महाराष्ट्रातलेही ते पहिलेच. दुबईहून आलेलं एक दांपत्य, नायडू रुग्णालयात दाखल झालेलं. त्याच्या तीन आठवडे आधी, १५ फेब्रुवारीला, जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस म्युनिकमधल्या परिषदेत सांगत होते की आपली लढाई केवळ रोगाच्या साथीशी नाही, माहितीच्या साथीशीही आहे. आपल्याकडे तर ती दुसरी साथ आधी पोहोचली. राज्यात एकही रुग्ण नसताना चिकनमुळे कोरोना होतो अशी आवई उठली आणि कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांना पक्षी मातीमोल भावाने द्यावे लागले, काहींनी फुकट वाटले. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी 'विषाणू बारा तास जगतो, आपण चौदा तास घरात बसलो की साखळी तुटली' हा हिशोब घरोघरी फिरत होता. तो पुढे पाठवणाऱ्यांत विज्ञान शाखेचे पदवीधर होते. प्राध्यापक होते. म्हणजे पदवी असली की ही पारख आपोआप येते, असं मानायला जागा नाही.

आता २०२१ च्या एप्रिलबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या विद्यार्थ्यांमधलं उत्तम ते आणि त्यांच्या शिक्षणातली उणीव, दोन्ही मी त्याच महिन्यात एकत्र पाहिली.

दुसऱ्या लाटेत पुण्यातल्या मुलामुलींनी जे केलं त्याची पुरेशी नोंद कुठेच झालेली नाही. ऑक्सिजन खाट, व्हेंटिलेटर, रेमडेसिविर, प्लाझ्मा, सिलिंडर यांच्या याद्या त्यांनी रात्र-रात्र जागून बनवल्या. प्रत्येक नंबरवर फोन लावायचा, उचलला तर विचारायचं, मिळालेलं उत्तर वेळेसकट नोंदवायचं: 'दुपारी सव्वादोन, तपासलं, दोन खाटा.' तासाभरात ती नोंद शिळी होत असे, म्हणून पुन्हा फोन. माझ्या क्षेत्रात माहितीची ताजेपणासकट नोंद ठेवणं हे शिकवावं लागतं. ही मुलं ते गरजेतून, कुणीही न सांगता शिकली. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि तो मी कुठेही सांगायला तयार आहे.

पण ज्याच्यासाठी ती धावत होती, त्यातलं काही धावण्याजोगं होतं का, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्लाझ्माचंच बघा, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव भाग. रक्तगट, वय, रुग्णालय आणि 'तातडीने प्लाझ्मा हवा' असा मजकूर त्या महिन्यात प्रत्येकाच्या स्टेटसवर होता. मुलं कोविडमधून बरे झालेले लोक शोधत होती, त्यांना विनवत होती, गाडीवर बसवून रक्तपेढीत नेत होती. आणि त्याआधी सहा महिने, ऑक्टोबर २०२० मध्ये, आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने भारतातल्याच ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता: मध्यम आजारी रुग्णांत प्लाझ्मामुळे आजार गंभीर होणं थांबलं नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. तो लेख कुणालाही विनामूल्य वाचता येत होता. उपचारांच्या राष्ट्रीय सूचनांमधून प्लाझ्मा वगळला गेला १७ मे २०२१ ला, म्हणजे लाट शिखरावर जाऊन आल्यानंतर.

यात मुलांचा दोष नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की कुठला विद्यार्थी 'नको' म्हणणार? नातेवाईक हवालदिल असतात, कुणीतरी काहीतरी करावं असं सगळ्यांनाच वाटत असतं. मुलांनी डॉक्टरांना विरोध करायला हवा होता असं मी म्हणत नाही. पण त्या शेकडो स्वयंसेवकांमधल्या दहा जणांना जरी अशी चाचणी कुठे शोधायची, तिचा सारांश कसा वाचायचा, हे माहीत असतं, तर निदान "डॉक्टर, याचा कितपत उपयोग होईल?" एवढा प्रश्न विचारला गेला असता. काही ठिकाणी तेवढ्यानेही त्यांची रात्र दुसऱ्या, जास्त उपयोगी कामाला लागली असती.

रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनचं तसंच. त्याने जीव वाचतात याचा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये म्हटलं होतं. आपल्याकडच्या सूचनांमध्ये ते होतं, पण ऑक्सिजन लागणाऱ्या ठरावीक रुग्णांसाठी. हा 'ठरावीक' याद्यांमधून गळून गेला. घरी राहून बऱ्या होणाऱ्या माणसाच्या नातेवाइकांनीही त्यासाठी रांगा लावल्या, काळ्या बाजारात अवाच्या सवा पैसे मोजले.

आणि स्कोअर. त्या दिवसांत "कसे आहात?" विचारायच्या आधी लोक "स्कोअर किती?" विचारत. छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा २५ पैकी आकडा. विद्यार्थी मला रिपोर्टचे फोटो पाठवायचे, नऊ म्हणजे किती वाईट, चौदा म्हणजे किती. मला ते सांगता येत नव्हतं आणि मी तसं सांगायचेही. पण एक गोष्ट मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत असे: ऑक्सिजन किती आहे, दम लागतोय का, सहा मिनिटं चालल्यावर आकडा खाली येतोय का? कारण सरकारी सूचनांमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं होतं. पण त्या पानापर्यंत जायची वाट कुणाला माहीत नव्हती. त्याऐवजी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की ऑक्सिजन दाखवण्याचा दावा करणारी ॲप मुलांनी आईवडिलांच्या फोनवर उतरवून दिली होती. साध्या फोनच्या कॅमेऱ्याला ते भरवशाने मोजता येत नाही, आणि काही ॲप तर फोनमधली माहिती पळवण्यासाठीच बनवलेली होती.

माहिती पळवण्यावरून आठवलं. रुग्णाचं नाव, वय, नातेवाइकाचा मोबाईल, आधार कार्डाचा फोटो, सगळं उघड्यावर टाकलं जात होतं. घाईत दुसरं सुचणं कठीण होतं हे मी समजू शकते. पण मदतीसाठी स्वतःचा नंबर दिलेल्या मुलींना नंतर काय काय फोन आणि मेसेज आले, ते त्यांनी मला सांगितलं आहे आणि इथे लिहिण्यासारखं नाही. काय जाहीर करायचं आणि काय झाकून ठेवायचं, हाही या साक्षरतेचाच भाग आहे.

लसीच्या वेळी तर सगळा भार विद्यार्थ्यांवरच होता. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, लसनोंदणीच्या कोविन संकेतस्थळावर जागा दिसायच्या आणि काही सेकंदांत संपायच्या. पुण्यातली मुलं भोर-मुळशीपर्यंत जाऊन लस घेऊन आली, आणि तिथल्या लोकांना स्वतःच्याच गावात जागा मिळेना. ज्याच्याकडे वेगवान नेट आणि चपळ बोटं, त्याला लस. हे दुरुस्त करणं एकट्या विद्यापीठाच्या हातात नव्हतं, मान्य. पण ज्या विद्यार्थ्याला फोनचं हे बळ कळतं, त्याने ते दुसऱ्यासाठी वापरावं, हे वर्गात बोललं जायला हवं. अनेकांनी स्वतःहून वापरलंही, वाडीतल्या म्हाताऱ्यांची नोंदणी करून दिली.

आता कुणी म्हणेल, कोविड संपला, ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणीही उठली, जुनं काय उकरून काढता? मग अलीकडचं सांगते.

एप्रिल-मे २०२४ मध्ये बातमी आली की ॲस्ट्राझेनेकाने लंडनच्या न्यायालयात आपल्या लशीमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात असं मान्य केलं. कोविशील्ड ही तीच लस, आणि ती आपल्या हडपसरजवळच्या मांजरीत बनलेली. आठवडाभर विद्यार्थी माझ्या टेबलाशी येत होते. "मॅडम, मी तर दोन्ही डोस घेतलेत, आता मला काही होईल का?" एका मुलीने आईला बळेबळे लस घ्यायला लावली होती, तिला रात्री झोप येत नव्हती. खरं तर युरोपच्या औषध नियामक संस्थेने हा अतिदुर्मीळ धोका एप्रिल २०२१ मध्येच जाहीर करून लशीच्या माहितीपत्रकात घातला होता. तो धोका डोस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला होता. तीन वर्षांनी घाबरण्याचं कारण नव्हतं. जुनी बातमी नव्या तारखेने आली होती, इतकंच. मूळ कागद शोधून दोन तारखा शेजारी ठेवल्या की भीती ओसरत होती, हे मी माझ्या टेबलाशी पाहिलं. दहा मिनिटांचं काम, पण ते करायला आधी कुणी तरी शिकवलेलं असावं लागतं.

आणि जानेवारी २०२५. पुण्यातला सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले, पुढे पुणे परिसरातला आकडा दोनशेच्या वर गेला. नऱ्हे-आंबेगाव-धायरी पट्ट्यात किती विद्यार्थी राहतात हे मी आपल्याला सांगायला नको. अनेकांनी बॅगा भरल्या. काही रूममेटपासून लांब झोपू लागले, जणू जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागतो. तो लागत नाही. पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती क्वचित आपल्याच नसांवर उलटते, तेव्हा तो होतो. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला, दूषित पाण्यावर संशय गेला. तेव्हा करायचं होतं ते सोपं होतं: पाणी उकळून पिणं, मांस नीट शिजवून खाणं, हातपाय बधिर किंवा अशक्त वाटले तर थेट रुग्णालय गाठणं. त्याऐवजी पाच वर्षांपूर्वीसारखीच चिकनची चर्चा जोरात होती. आणि टँकरचं पाणी तपासलंय का, हे हॉस्टेलच्या मालकाला विचारायचं कुणाला सुचत नव्हतं.

आपलं शहर कुठलं आहे ते तरी पाहू. विषाणूवर काम करणारी देशातली सर्वोच्च संस्था, एनआयव्ही, १९५२ पासून पुण्यात आहे. देशातला पहिला मान्यताप्राप्त स्वदेशी आरटीपीसीआर किट मार्च २०२० मध्ये पुण्यातल्या मायलॅबने बनवला. कोविशील्ड पुण्याची. बी. जे. आणि ससून, एएफएमसी, आयसर, एनसीएल, एनसीसीएस, या सगळ्या वैद्यकीय आणि संशोधन संस्था दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात. एवढं ज्ञान ज्या गावात तयार होतं, त्याच गावातला एफवायबीकॉमचा विद्यार्थी मात्र अंगठ्याने स्क्रीन सरकवत एकटा अंदाज बांधत बसतो. एनआयव्हीच्या भिंतीशेजारून रोज बस जाते त्याची, पण आतलं काहीच त्याच्यापर्यंत येत नाही. हे अंतर कमी करणं विद्यापीठाचं काम आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख समजू नये, हेही मला आग्रहाने सांगायचं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सैनिक घराघरांत शिरून तपासणी करत होते. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, असं लोक बोलत. त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, फक्त हुकूम दिले होते. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर झाला. प्लेग कमिशनर रँड गव्हर्नरच्या बंगल्यातला समारंभ आटोपून परतत असताना चाफेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली, आणि तो बंगला म्हणजे आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. त्याच साथीत, १० मार्चला, रुग्णांची सेवा करता करता प्लेग होऊन सावित्रीबाई गेल्या. त्यांचं नाव २०१४ पासून या विद्यापीठाला आहे. त्या लोकांमध्ये गेल्या, लोकांच्या भाषेत बोलल्या, आजारी मुलाला जवळ केलं. भीती असलेल्या माणसाशी कसं बोलावं हे आपल्या अभ्यासक्रमात आलं, तर ते कुठून घ्यायचं याचा शोध लांब जाऊन घ्यावा लागणार नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. २०२० च्या वसंतात जर्मनीतल्या १३० विद्यापीठांमधल्या जवळपास १५ हजार विद्यार्थ्यांना कोविडच्या माहितीबद्दल विचारलं गेलं. शोधणं बहुतेकांना जमत होतं. पण सापडलेली माहिती विश्वासार्ह आहे का, हे ठरवणं दहातल्या चौघांना अवघड जात होतं, आणि तिच्यामागे कुणाचा व्यापारी फायदा आहे का हे ओळखणंही जवळपास तितक्यांनाच. ज्यांची ही क्षमता चांगली, ते सरकारी आरोग्य संस्थांच्या पानांवर जास्त जात होते. ज्यांची कमी, ते समाजमाध्यमांवर. हे जर्मन विद्यार्थी, ज्यांना सगळं स्वतःच्या भाषेत मिळत होतं. आपल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अवस्था काय? मंत्रालयाची पीडीएफ इंग्रजीत, शोधनिबंध इंग्रजीत, आणि मराठीत एक तर चार ओळींचं पोस्टर, नाही तर फॉरवर्ड. मधलं काही नाही. दोन पानं नीट समजावून सांगणारं, शंका घेऊ देणारं, नंतर बदललं तर बदल नोंदवणारं मराठी लिखाण फारच थोडं. फॉरवर्ड जिंकतो, कारण तो त्याच्या भाषेत बोलतो.

आता चॅटबॉट आले आहेत. पुढच्या साथीत विद्यार्थी मला फोन करणार नाहीत, त्यालाच विचारतील, आणि तो शुद्ध मराठीत, अतिशय ठामपणे उत्तर देईल. ते बरोबरही असेल बऱ्याचदा. चुकलं तर आवाज तसाच ठाम राहील. म्हणून हे शिकवणं आता जास्त निकडीचं झालं आहे.

शिकवायचं म्हणजे काय, याबद्दल माझी एक कळकळीची विनंती आहे: कृपा करून वेबिनार नको. २०२० च्या उन्हाळ्यात कोविड जनजागृतीच्या नावाने ऑनलाइन प्रश्नमंजुषांचा पूर आला होता, आपल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. वीस प्रश्न, गुगल फॉर्म, पन्नास टक्के मिळाले की ईमेलवर ई-प्रमाणपत्र. एका महाविद्यालयातल्या ज्या मुलीकडे अशी भलीमोठी फाइल जमली होती, तीच मला लिंबू-सोड्याने विषाणू मरतो का विचारत होती. उत्तरं ग्रुपवर आधीच फिरलेली असायची. त्यातून कुणी काही शिकलं नाही आणि शिकवणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं.

याबद्दल भारतातलाच पुरावा आहे. बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी बाराशेहून अधिक लोकांबरोबर एक प्रयोग केला. घरी जाऊन तासभर खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं. एकंदरीत फरक पडला नाही. नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्येच १३ हजारांहून अधिक शाळकरी विद्यार्थ्यांबरोबर वेगळा प्रयोग केला: वर्गात, काही आठवड्यांच्या अंतराने अनेक सत्रं, भर आरोग्याच्या खोट्या माहितीवर. या वेळी फरक पडला, चार महिन्यांनीही टिकून होता, आणि त्या मुलांच्या आईवडिलांचीही पारख सुधारलेली दिसली. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. घर मुलाला विचारतं, तेव्हा मूल शिकलं की घर शिकतं. एक तास पुरत नाही, एक सेमिस्टर पुरतं.

दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. त्यात काय असावं, याची माझी कल्पना साधी आहे. प्रत्येक तासाला एक खरा फॉरवर्ड, एक खरा रिपोर्ट, एक खरी बातमी. पान उघडलं की ते वाचत न बसता आधी बाहेर पडून, ही संस्था कोण आहे, इतर तिच्याबद्दल काय म्हणतात, हे पाहायचं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पीएचडी झालेले इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकत्र तपासलं तेव्हा तथ्यतपासनीसांचं हेच वेगळेपण दिसलं होतं. इतिहासकारही देखण्या संकेतस्थळाला फसले होते. मग टक्केवारी. 'लस ९५ टक्के परिणामकारक' याचा अर्थ शंभरातल्या पाच जणांना कोविड होणारच, असा किती तरी जणांनी घेतला. फायझरच्या चाचणीत जवळपास ४३ हजार माणसं होती. त्यांपैकी १७० जणांना कोविड झाला, १६२ लस न मिळालेल्या गटातले, ८ लस मिळालेल्या. हे आकडे फळ्यावर लिहून दहावीच्या गणिताने समजावता येतात आणि एकदा समजले की विसरत नाहीत. निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ काय आणि काय नाही, बातमी आणि शोधनिबंध यांत फरक काय, तज्ज्ञांचं मत बदललं म्हणजे ते खोटं बोलत होते असं का होत नाही. आणि शेवटचे काही तास बोलण्याचे: आजीला, मामाला, गावच्या ग्रुपवर, अपमान न करता 'हे असं नाही' कसं सांगायचं.

परीक्षा बहुपर्यायी नको. विद्यार्थ्याला एक दावा द्यावा, दोन दिवस द्यावेत, आणि त्याने तो कसा तपासला हे त्याच्या भाषेत लिहून आणावं. कुठल्या पायरीवर थांबला, कुठे खात्री नाही, तेही. खात्री नाही असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत.

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, असं आपण म्हणाल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या यूजीसीच्या आराखड्यात मूल्यवर्धित अभ्यासक्रमांमध्ये डिजिटल व तांत्रिक उपाय आहेत, आरोग्य व स्वास्थ्यही आहे. दोन्ही वेगवेगळ्या खणांत ठेवलेले आहेत. पहिल्यात संगणक शिकवतात, दुसऱ्यात आहार आणि व्यायाम, आणि विद्यार्थ्याच्या हातात पडतो तो प्रश्न या दोहोंच्या मधोमध असतो. त्यामुळे नवीन जागा शोधायची गरज नाही, असलेल्या जागेत हा विषय नीट बसतो.

शिकवणार कोण? आपल्याकडे महाविद्यालयांत ग्रंथपाल आहेत, ज्यांना आज पुस्तकं मोजायला ठेवलं आहे. संख्याशास्त्राचे, सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षक आहेत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकवणारे आहेत. निवृत्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञ तर पुण्याच्या प्रत्येक पेठेत, प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांना बोलावून बघा. मराठी साहित्याची उणीव भरून काढायला कमवा व शिका योजनेतले विद्यार्थी आहेत. त्यांच्याकडून आरोग्य संस्थांची महत्त्वाची पानं मराठीत आणून घ्या, जाणकारांकडून तपासून घ्या आणि त्या कामाचे पैसे त्यांना द्या. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन किंवा डेटा नाही, त्यांच्यासाठी ग्रंथालयातले संगणक या तासांना राखून ठेवा. टाळेबंदीत रेंजसाठी टेकडीवर चढून बसणाऱ्या मुलींना मी ओळखते. त्यांना वगळून हा अभ्यासक्रम होऊ नये.

माझी विनंती एवढीच आहे की विद्या परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा आणि पाच-सात जणांची समिती नेमली जावी, ज्यात निदान दोन विद्यार्थी असावेत. एप्रिल २०२१ मध्ये याद्या चालवणारे आता नोकरीत आहेत, त्यांनाही बोलवा, त्यांना जे ठाऊक आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही. पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांपासून सुरुवात व्हावी.

विद्यार्थ्यांनी आजवर मला पाठवलेले फॉरवर्ड, फोटो आणि ध्वनिफिती मी तारखेनिशी जपून ठेवल्या आहेत, प्रत्येकाच्या पुढे काय खरं निघालं त्याची नोंदही आहे. त्यातली नावं, नंबर आणि रिपोर्टवरची ओळख काढून टाकली आहे. पहिल्या सत्राला वर्गात वापरण्याइतका मजकूर त्यात नक्की आहे. समिती बसली की ते सगळं आणून देते.

आपली,
पुण्यातील एक ग्रंथपाल